सकाळची तोडी दुपारी नको

आज सकाळी रेडिओ लावला तर शास्त्रीय गायनाच्या वेळेला नुसत्या गप्पा आणि जाहिराती. कार्यक्रम दुपारी हलवलाय म्हणे, आधी एका शब्दानं सांगितलं नाही. आणि दुपारी अडीचला लागली काय, तर तोडी! कोमल रिषभ-गंधाराचा सकाळचा राग तो, भर उन्हात मनच लागेना. वेळ बदलायचीच होती तर निदान दुपारचा राग सारंग लावायचा.

शाहू महाराजांच्या आश्रयानं अल्लादियाखाँसाहेब ज्या गावात राहिले, गायले, ते हे कोल्हापूर. त्यांच्या जयपूर-अत्रौली घराण्याचे अनवट राग मला रेडिओनंच ओळखीचे करून दिले. शेजारच्या काकूंना तर दिसत कमी, मोबाईल जमत नाही; त्यांनी ऐकायचं कुठं?

रेडिओ केंद्राला आजच पत्र टाकलंय. कोल्हापूरकर श्रोत्यांनो, तुम्हीही लिहा.