पाच नको, दोन टोकनं

आज खानापूरच्या विशेष मुलांच्या वर्गात टोकन बोर्ड (काम केल्यावर मिळालेली टोकनं लावायचा फळा; ठरलेली जमली की बक्षीस) पाचवरून दोनवर आणला. पाच जमेपर्यंत मूल थकतं, बक्षीस फार लांब वाटतं. दोन सलग तीन-चार दिवस जमली की मगच तिसरं वाढवावं. टोकन काम झाल्याझाल्या, दोन-तीन सेकंदांत हातात पडायला हवं. उशीर झाला की ते कशाचं हेच मुलाला उमगत नाही. आणि मिळवलेलं टोकन शिक्षा म्हणून काढून घेऊ नका, कळकळीची विनंती! बक्षीस मुलानंच आधी निवडायचं: चुरमुरे, चिमूटभर कुंदा (खव्याची मिठाई), नाहीतर झोपाळा. घरी ‘पाणी’, शाळेत कन्नडमधलं ‘नीरु’ असेल तरी मुलाला दाखवायच्या कार्डावरचं चित्र दोन्हीकडे एकच ठेवा.