लॅपटॉप जोडला की शहाणा होणारा रोबो

आठवड्यातून तीन संध्याकाळी मी रोबो बनवणाऱ्या मुलांना मदत करतो. मदत म्हणजे बहुतेक वेळा पाच व्होल्ट कुठे गेले ते शोधणं. त्या दिवशी जी दोघं आली, त्यांच्यातला मुलगा प्रोग्राम लिहितो आणि मुलगी वायरिंग करते. रोबो अडला की हा वायरिंगकडे बोट दाखवतो आणि ती प्रोग्रामकडे, हे ठरलेलंच. पण या वेळी मुलगा आल्या आल्या म्हणाला, "सर, चूक माझ्याच प्रोग्राममध्ये आहे. फक्त सापडत नाहीये." प्रोग्राम लिहिणारा आपणहून असं म्हणाला की मला जरा संशयच येतो.

रोबो साधा. दोन चाकं, पुढे एक फिरती गोळी, आर्डुइनो उनो हा कंट्रोलर बोर्ड, मोटरच्या मागे फेरे मोजणारा एन्कोडर, वळण मोजायला जायरो आणि सिरीजमध्ये दोन १८६५० लिथियम सेल. सरळ जायचं, टोकाला थांबायचं, उलटं यायचं, जागच्या जागी वळायचं. तक्रार अशी की पूर्ण वेगात पुढे जात असताना 'उलटं फिर' म्हटलं की कधीकधी गप्प व्हायचा, दोनेक सेकंद तसाच उभा राहायचा आणि मग अख्खा कार्यक्रम पहिल्यापासून सुरू करायचा.

पुरावे तीन होते आणि दोघांनी ते मन लावून गोळा केले होते, हे मान्य करायला हवं. मुलाने पुढे आणि मागे या दोन हुकुमांच्या मध्ये अर्ध्या सेकंदाचा डिले टाकून पाहिला होता, तेव्हा त्रास गायब झाला. म्हणजे टायमिंगची चूक, म्हणजे प्रोग्राम. मुलीने बॅटरीवर मीटर लावून रोबो पळवला होता आणि आकडा ७.६ व्होल्टवरून हललाच नव्हता. म्हणजे पॉवर ठीक. तिसरं म्हणजे, मागच्या आठवड्यापर्यंत मोटरला करंट देणारा एल२९८ ड्रायव्हर होता तेव्हा असं एकदाही झालं नव्हतं. त्याच्या जागी नवा मॉसफेट ट्रान्झिस्टरवाला ड्रायव्हर बसवला आणि रोबो बिघडला. तेव्हा एक तर प्रोग्राम, नाही तर नवा ड्रायव्हर सदोष. दुसरा मागवायचा का, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

मी लॅपटॉप जोडला. इथेच माझा एक तास गेला.

प्रोग्राममध्ये दर टप्प्यावर एक ओळ छापायची सोय केली आणि रोबो हातात धरून, मग जमिनीवर ठेवून, केबल मागे ओढत पळवला. दहा वेळा, वीस वेळा. एकदाही अडला नाही. मुलाकडे बघून मी म्हणालो, "तुझं व्हेरिएबल कुठेतरी उतू जात असणार, छापायच्या ओळींमुळे टायमिंग बदललं म्हणून लपलंय." हे बोलताना मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं. मग त्याच्या साडेतीनशे ओळी आम्ही वाचल्या. दोन-तीन बारीक चुका निघाल्याही, पण त्यातली एकही रोबोला गप्प करणारी नव्हती.

सुटका केबलनेच केली. वळताना ती चाकात अडकली आणि उनोच्या सॉकेटमधून निसटली. रोबो बॅटरीवर तसाच पुढे गेला, टोकाला पोचला, उलटा फिरायला गेला आणि गप्प. डॉक्टरसमोर बसलं की खोकला थांबतो आणि घरी आलं की परत सुरू होतो, तसला प्रकार.

केबल होती तेव्हा बरा, नव्हती तेव्हा आजारी. मी त्याच्याकडून माहिती घेत होतो आणि त्याच केबलमधून त्याला सलाईन देत होतो. उनोवर एक छोटा कम्पॅरेटर, म्हणजे दोन दाबांची तुलना करणारी चिप, असतो. बॅटरी जोडतात त्या व्हीआयएन पिनवरचा दाब साधारण ६.६ व्होल्टच्या वर असेल तर तो युएसबीची पॉवर तोडतो, खाली गेला की जोडतो. म्हणजे बॅटरी क्षणभर कोलमडली तरी लॅपटॉप लगेच खांदा देतो आणि बोर्डाला काही कळतही नाही. हे मला माहीत होतं. तासभर आठवलं नाही, एवढंच.

आता केबलशिवाय कसं बघायचं? रोबो खरोखर रिसेट होतोय की प्रोग्राममध्येच भरकटून सुरुवातीला येतोय, ते आधी ठरवायचं होतं. एव्हीआर चिपमध्ये रिसेटचं कारण नोंदवणारं रजिस्टर असतं, पण उनोचा बूटलोडर, म्हणजे चिपमधला आधीच भरलेला छोटा प्रोग्राम, आपला प्रोग्राम सुरू व्हायच्या आधीच ते पुसून टाकतो. म्हणून गावठी उपाय केला. सेटअपच्या, म्हणजे चिप जागी झाली की एकदाच चालणाऱ्या भागाच्या, सुरुवातीला ईईप्रॉम या पॉवर गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीतला एक आकडा एकने वाढवायचा. पॉवर डळमळत असताना ईईप्रॉमवर लिहिणं बरं नव्हे, म्हणून आधी २०० मिलिसेकंद थांबायचं. आकडा शून्य केला, केबल काढली, बॅटरीचा स्विच लावला आणि दहा वेळा उलटसुलट पळवला. मग केबल जोडून आकडा वाचला. ९.

"नऊ वेळा?" मुलगा म्हणाला.

"सात. एक तू स्विच लावलास त्याचा. आणि एक माझा. आकडा वाचायला लॅपटॉपवर सिरियल मॉनिटर उघडला की उनो रिसेट होतो."

दहापैकी सात. प्रोग्राम नुसता आपल्या पहिल्या टप्प्यावर परत आला असता तर सेटअप पुन्हा चालला नसता आणि आकडा वाढला नसता. उनोमध्ये ब्राउनआउटची, म्हणजे दाब फार पडल्याची, मर्यादा २.७ व्होल्टला लावलेली असते. पाच व्होल्टची लाइन त्याखाली गेली की चिप स्वतःला बंद करून पुन्हा सुरू होते. म्हणजे पाचाचे अडीच होत होते, आणि मीटर म्हणत होता ७.६.

मीटर खोटं बोलत नव्हता. साधा मीटर सेकंदाला दोन-तीन वेळा आकडा दाखवतो आणि त्या दरम्यानचं सगळं सरासरीत मिसळून टाकतो. व्हीआयएनवर ऑसिलोस्कोप लावला, खाली पडणाऱ्या कडेवर सहा व्होल्टचा ट्रिगर ठेवला, एकच शॉट. उलटा हुकूम गेला आणि पडद्यावर विहीर उमटली. ७.६ वरून सरळ खाली साडेतीनच्या जवळ, तीसेक मिलिसेकंद तिथेच रेंगाळून हळूहळू वर. मुलगी पडद्याजवळ गेली आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हे मीटरला दिसलंच नाही?"

एवढा करंट कशाला लागतो, ते मुलाला पटवायला वेळ लागला. अडलेली मोटर सर्वांत जास्त करंट घेते हे त्याला पाठ होतं. पण पूर्ण वेगात फिरणारी मोटर स्वतःच जनरेटर असते. जवळजवळ बॅटरीइतकाच दाब ती उलट्या दिशेने तयार करत असते, म्हणून तर धावताना करंट कमी लागतो. आता ड्रायव्हरने एकदम दिशा बदलली की हाच दाब बॅटरीच्या विरुद्ध न राहता तिच्या बाजूने लागतो. सात आणि सात मिळून चौदा व्होल्ट, आणि मध्ये फक्त वाइंडिंगचा रोध. आम्ही मोजला तेव्हा तो प्रत्येक मोटरचा तीन ओहम भरला. अडलेल्या मोटरच्या जवळजवळ दुप्पट करंट, तोही दोन्ही मोटरचा एकदम.

"म्हणून डिले टाकला की जातं!" मुलगा स्वतःच म्हणाला. अर्ध्या सेकंदात चाकं थांबत होती आणि मोटर जनरेटर उरत नव्हती. त्याचा पुरावा खरा होता, अर्थ भलता होता. आणि एल२९८चंही तेच. त्यात जुन्या धाटणीचे बायपोलर ट्रान्झिस्टर, डेटाशीटप्रमाणे एका अँपिअरलाच १.८ ते ३.२ व्होल्ट तो स्वतः गिळतो. रोबो त्यामुळे हळू पळायचा आणि झटकाही मवाळ बसायचा. नव्या ड्रायव्हरने ते व्होल्ट प्रामाणिकपणे मोटरपर्यंत पोचवले आणि पाठीमागची गळती उघडी पडली. चांगली वस्तू बसवल्यावर बिघडलेलं यंत्र मी यापूर्वीही पाहिलं आहे, आणि दर वेळी शिव्या नव्या वस्तूलाच बसतात.

पण चांगल्या १८६५० सेलना सहा-सात अँपिअर काही जड नाहीत. मग चार व्होल्ट जातात कुठे? हा भाग मला स्वतःला सर्वांत आवडतो, कारण यासाठी स्कोप लागत नाही. ज्या मीटरला सगळ्यांनी नावं ठेवली तोच लागतो. एक चाक हाताने घट्ट धरायचं, दोन अँपिअरच्या आसपास स्थिर करंट वाहू द्यायचा, आणि सेलपासून ड्रायव्हरपर्यंतच्या एकेका तुकड्याच्या दोन टोकांवर मीटर लावायचा. ओहम नाही, व्होल्ट मोजायचे. दोन-तीन सेकंदांत आकडा घ्यायचा आणि सोडायचं, नाहीतर मोटर तापते. मुलीने स्वतः मोजलं. सेल होल्डरच्या स्प्रिंगांवर ०.४ व्होल्ट. बोटाएवढ्या सरकत्या स्विचवर ०.३. आणि ड्रायव्हरकडून परत येणाऱ्या ग्राउंडच्या वाटेवर, म्हणजे ब्रेडबोर्डच्या, वायरी नुसत्या खोचायच्या पाटीच्या, पट्टीतून जाणाऱ्या एका पातळ जंपर वायरवर, ०.५. बेरीज १.२ व्होल्ट, दोन अँपिअरला. म्हणजे ०.६ ओहम. वाटेत प्रत्येकाने आपापला वाटा उचलला होता, आणि उनोही त्याच वाटेच्या शेवटच्या टोकाला जेवायला बसलेला.

"वायर तर चांगली आहे, मी कंटिन्युइटी तपासली होती. बीप वाजतो," ती म्हणाली.

बीप म्हणजे वायर तुटलेली नाही, एवढंच. तो अर्ध्या ओहमलाही वाजतो. वीसलाही वाजतो, बऱ्याच मीटरमध्ये.

दुरुस्ती फार शोभेची नव्हती. जाड मल्टिस्ट्रँड वायर, मोटरचा करंट वाहू शकेल असा स्विच, घट्ट पकडीचा होल्डर. ड्रायव्हरचं ग्राउंड ब्रेडबोर्ड सोडून थेट बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि उनोची दोन्ही टोकं वेगळ्या जोडीने त्याच बिंदूंना. ड्रायव्हरच्या तोंडाशी १००० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर. मुलगा म्हणत होता की हे कशाला, प्रोग्राममध्येच वेग १०० मिलिसेकंदांत शून्यावर आणून मग उलटवू, म्हणजे झालं. ते मी नंतर करायला लावलं, आधी नाही. आधी केलं असतं तर तो ०.६ ओहम तिथेच राहिला असता आणि सेल थोडे उतरले की पुन्हा वर आला असता.

संध्याकाळ इथे संपायला हरकत नव्हती. पण दुरुस्त झालेला रोबो जमिनीवर सोडला, तो सरळ गेला, उलटा आला, वळायला लागला आणि वळतच राहिला. थांबेना. मुलाने पळत जाऊन तो उचलला तेव्हा हवेतही चाकं त्याच वेगाने फिरत होती.

या वेळी मात्र आधी केबल जोडायला कोणी धावलं नाही. मुलगी म्हणाली, "एलईडी थांबलाय." लूपमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या सतत फिरणाऱ्या भागात, दर अर्ध्या सेकंदाला मिचकणारा एलईडी लावला होता, तो लागलेलाच राहिला होता. म्हणजे प्रोग्राम एका जागी रुतला होता. मग मोटर कोण चालवतंय? कोणीच नाही. मोटरचा वेग ठरवणारा चालू-बंदचा सिग्नल, म्हणजे पीडब्ल्यूएम, टाइमरच्या हार्डवेअरमधून निघतो. प्रोग्राम मेला तरी शेवटचा हुकूम टाइमर इमानेइतबारे पाळत राहतो. छोट्या रोबोचं ठीक आहे, पण हीच गोष्ट जड यंत्रात झाली तर काय, या विचाराने माझ्या पोटात दर वेळी गोळा येतो.

रुतायची जागा शोधायला फार वेळ लागला नाही. जायरो आणि उनो ज्यांवरून बोलतात त्या आय-टू-सी वायरी मोटरच्या वायरींबरोबर एकाच झिपटायमध्ये छान बांधल्या होत्या. नवं वायरिंग सुबक दिसावं म्हणून बांधल्या होत्या, आणि सुचवलं मीच होतं. मोटरमधल्या ब्रशच्या ठिणग्यांचा कचरा एखाद्या क्लॉकच्या ठोक्यात मिसळला की जायरो आणि उनो एकमेकांची वाट बघत बसतात. आय-टू-सी सांभाळणाऱ्या उनोच्या 'वायर' नावाच्या लायब्ररीत आता टाइमआउट लावता येतो, पण तो सांगितल्याशिवाय चालू होत नाही. तर मोटरच्या टोकांवर १०४ लिहिलेले सिरॅमिक कपॅसिटर, एक दोन टोकांमध्ये आणि एकेक टोकापासून मोटरच्या धातूच्या अंगाला. मोटरच्या वायरींना पीळ. जायरोच्या वायरी आखूड करून दुसऱ्या बाजूने. प्रोग्राममध्ये टाइमआउट, आणि वर वॉचडॉग. अर्ध्या सेकंदात लूपने हजेरी दिली नाही तर रिसेट, आणि सेटअपची पहिली ओळ दोन्ही मोटर बंद करणारी.

वॉचडॉगमुळे आता एक नवी भीती होती. रोबो रुतेल, रिसेट होईल आणि आपल्याला वाटेल की जुनंच दुखणं परत आलं. पण आमचा ईईप्रॉममधला आकडा तसाच होता, तो दोन्ही मोजणार होता. मुलाने तो शून्य केला, केबल काढली, स्विच लावला. पन्नास वेळा उलटसुलट, मध्ये मध्ये वळणं. मुलगी मोठ्याने मोजत होती. सदतीसला रोबो भिंतीला धडकला तेव्हा तिघांचाही श्वास अडकला, पण तो मागे आला आणि चालू राहिला.

मग केबल जोडली, मॉनिटर उघडला. २.

"एक स्विचचा," ती म्हणाली.

"आणि एक सरांचा," तो म्हणाला.