तुम्ही विचारलंत म्हणून: तबला का नाही?

न्यू जर्सीच्या गणपतीत, लग्नाच्या पंगतीत आणि आता फोनवर पुतण्याच्या सासऱ्यांनीही विचारलं, "आपला तबला असताना हे क्यूबाचं काय घेऊन बसलात?" मी लॅटिन जॅझ, म्हणजे क्यूबाच्या तालांवरचं जॅझ, वाजवतो आणि शिकवतो, म्हणून हा प्रश्न. एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

आधी नेहमीचं उत्तर. लॅटिन जॅझ ही कालची टूम नव्हे. क्यूबन गायक माचितोचा बँड न्यूयॉर्कमध्ये १९४० साली उभा राहिला, त्यात मारिओ बाउसासारखा जाणकार क्यूबन ट्रम्पेटवादक आला आणि क्यूबाचे ताल हार्लेमच्या जॅझमध्ये मिसळले. राहिली परकेपणाची गोष्ट, तर सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'वर (१९५१) तुम्हीच वरातीत नाचता. त्यातला बाँगो (क्यूबाचीच छोटी ढोलकीजोडी) कधी कुणाला खुपला नाही.

हे उत्तर इतक्यांदा देऊन झालंय की आता माझंच मला पाठांतर वाटतं. खरं दुखणं वेगळं आहे.

काही वर्षांपूर्वी एका कॉलेजात अॅफ्रो-क्यूबन बँड शिकवण्याच्या जागेसाठी गेलो होतो. मुलाखत म्हणजे समोर मुलांचा बँड, आणि शिकवून दाखवा. बासवाला मुलगा दर वेळी पहिल्या मात्रेवर धाडकन उतरत होता. आपल्याकडे समेवर सगळे भेटतात. इथे बासचा तुंबाओ, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारी ओळ, पहिल्या मात्रेच्या आधीच येऊन ठेपतो आणि 'एक'वर नवा ठोका देत नाही. त्या पोराला किती सांगितलं तरी पाय तिथेच आपटायचा. शेवटी त्याच्या हातातला बास काढून घेतला आणि क्लावेच्या, म्हणजे या संगीताचा मूळ ठेका धरायच्या, दोन काठ्या दिल्या. तीन टोले, मग दोन. ते वाजवत बासची ओळ तोंडाने म्हण म्हटलं. मी टिंबाले या ड्रमजोडीच्या पत्र्यावर कास्कारा नावाचा ठेका धरला, काँगा हे उभे ढोल वाजवणाऱ्या मुलीने पाठ ताठ केली. हळूहळू त्याचा पाय सैलावला. बास परत हातात घेतला तेव्हा पहिली मात्रा मोकळी सुटली आणि अख्खा बँड चालायला लागला. काँगावाली पोरगी मोठ्याने हसली. असं रोज होत नाही हो.

समितीतले एक गृहस्थ म्हणाले, "उत्तम! पण तुम्ही भारतीय ना? तबला शिकवाल का?" आठवड्याला एक तास. मुख्य जागा दुसऱ्याला.

तबला मी लहानपणी जेमतेम शिकलोय, तोही गुरुजींची बोलणी खात. तरी हो म्हणालो. घरभाडं थकलं होतं, मुलीच्या दातांचं बिल पडून होतं. तुम्ही असता तर बाणेदारपणे उठून गेला असता? गेला असता तर नमस्कार.

जागा मिळाली तो न्यूयॉर्कच्या ब्राँक्सचा, पोर्तो रिकन घरातला. माझ्याहून चांगला वाजवतो का? नाही, असं त्या रात्री बायकोला सांगितलं. आजही सांगेन, आवाज थोडा खाली आणून. कारण २०११ मध्ये ग्रॅमीवाल्यांनी लॅटिन जॅझचा वेगळा पुरस्कारच काढून टाकला तेव्हा बॉबी सनाब्रियासारखे ड्रमर-शिक्षक थेट कोर्टात गेले. पुढच्या वर्षी पुरस्कार परत आला. ही माणसं लढली ती हे संगीत कुणाचं आहे ते पुसलं जाऊ नये म्हणून. मीही तेव्हा तावातावाने त्यांच्या बाजूने भांडलो. पहिल्या तासाला मुलांना मी हेच सांगतो: आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्यांनी क्यूबात जपलेला हा ताल आहे, फुकटचा माल नाही. मग जागा त्यांच्यातल्या एकाला गेली तर मी का जळतो? संगीताला जात नसते, असं तिशीत म्हणायचो. तेव्हा सोयीचं होतं.

पण एक सांगतो. ज्यांचं हे संगीत, त्यांच्यातल्या कुणी मला कधी 'तबला का नाही' विचारलं नाही. चुकलं तर क्लावे मोडलीस म्हणून झापलं, एवढंच. विचारलं ते त्या समितीने, आणि तुम्ही.

कॉलेजातला तबल्याचा तास चालू आहे. पुतण्याच्या मुलाला ड्रम शिकायचे असतील तर जरूर पाठवा. तबल्यासाठी मात्र माझ्याकडे नको. इथल्या एडिसन गावात त्याच्यासाठी खरे गुरुजी मिळतील.