हे तं चौथीतच झालं!

सातवीत ‘स्वराज्याचा कारभार’ हा पाठ काढला की मागच्या बाकावरून हमखास आवाज येतो, ‘मॅडम, हे तं चौथीतच झालं न!’ मुलांचं चूक नाही. चौथीच्या परिसर अभ्यासाचा भाग दोन अख्खा शिवछत्रपतींवरच आहे. यंदा मी म्हटलं, झालं ना, मग तुम्हीच सांगा. अफजलखान, शाहिस्तेखानाची बोटं, आग्र्याचे पेटारे... वर्ग नुसता दणाणला.

मग विचारलं, ‘ऐन पावसाळ्यात लष्करातले घोडे खायचे काय?’

सगळे गप्प. चौथीत हा प्रश्न विचारून उपयोगही नसतो. त्या वयात माणूस कळतो, प्रसंग कळतो. कारभार कळायला दोन-तीन वर्षं जावी लागतात. जेरोम ब्रूनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९६० मध्ये सर्पिल अभ्यासक्रमाची कल्पना मांडली ती हीच: विषय तोच, पण मूल दर वेळी आणखी खोलात उतरतं. स्टाफरूममध्ये मात्र याला ‘रिपीट पोर्शन’ म्हणतात आणि दोन तासांत उरकतात, याचं मला फार वाईट वाटतं.

मी एका पत्राच्या झेरॉक्स वाटल्या. १९ मे १६७३, चिपळूणजवळच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना महाराजांनी दिलेली ताकीद. पाऊस तोंडावर आलेला. दाणावैरण आत्ताच उधळलीत तर पावसात संपेल, घोडी मरतील. मग तुम्ही कुणब्यांकडचे दाणे, भाकरी, गवत, लाकूडफाटा, भाजी उचलायला लागाल, आणि लोकांना मोगल बरे वाटतील. पुढे आगीबद्दलही बजावलं आहे: रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवत पेटेल.

उंदराला सगळे हसले. एक मुलगी हसली नाही. तिच्या आजोबांची शेती काटोलकडे. ‘हसता काय? आमच्या गोठ्यात रात्री कोणाला बिडी पेटवू देत नाहीत आबा. कुटाराची गंजी पेटली तं ढोरं काय खातील?’

‘पण राजाले गंजीची कायची चिंता?’ शेजारच्या मुलानं विचारलं.

‘घोडे मेले असते न! मग शिपाई आपल्याच घरात घुसले असते.’

वैरण, घोडा, शिपाई, रयत. मी फळ्यावर बाण काढत गेले, शब्द तिचेच होते. त्यानंतर अष्टप्रधानांची यादी घोकायला सांगावी लागली नाही. जमाखर्च कोण बघायचं? अमात्य. आज्ञापत्रं? सचिव. मुलंच एकेक खातं विचारत गेली. उन्हाळ्यात कुटार भरून ठेवणारं घर तिनं पाहिलेलं आहे, म्हणून ती साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या छावणीपर्यंत पोचली. चौथीतल्या गोष्टींनी महाराजांबद्दल आधीच प्रेम लावलं नसतं, तर ते पत्र कोणी पुरतं वाचलंही नसतं.

आमच्याकडे येणारी बरीच मुलं चौथीपर्यंत दुसऱ्या शाळेत असतात. तिथं ती काय शिकली, कुठं अडली, हे पुढच्या शिक्षकाला कोणी कळवत नाही. म्हणून पहिला तास मी त्यांच्याच बोलण्यासाठी ठेवते.

घंटा झाल्यावर तोच मुलगा टेबलाशी आला. ‘मॅडम, शिपायानं भाजी उचललीच, तं कुणब्यानं तक्रार कोठं करायची?’ आठवीच्या राज्यशास्त्रात नोकरशाहीचा पाठ आहे. त्याला म्हटलं, प्रश्न वहीच्या शेवटच्या पानावर लिही आणि वही रद्दीत देऊ नकोस. माझ्या टाचणवहीतही तो उतरवून घेतला आहे. पुढच्या वर्षी शाळा उघडली की आठवीला शिकवणाऱ्या सरांना द्यायचा आहे.