तुम्ही विचारलंत म्हणून: विपश्यनेनंतरही वही कशाला?

विपश्यना (डोळे मिटून अंगातल्या संवेदना नुसत्या बघायचं ध्यान) करता आणि तरी रोज रात्री वही काढून लिहीत बसता, हे कसं काय? हा प्रश्न इतक्यांनी विचारलाय की आता समोरच्याने ‘इगतपुरी’ (विपश्यनेचं केंद्र तिथे आहे) म्हटलं की मला पुढचं वाक्य आधीच ऐकू येतं. साधक मैत्रिणी विचारतात, घरातले विचारतात. सामूहिक साधनेनंतर एका काकांनी तर ‘म्हणजे तुमची पकड अजून सुटली नाही’ असा निकालच देऊन टाकला. दारात चपला शोधता शोधता कोण वाद घालणार? म्हणून इथे लिहितेय.

शिबिरात लिहायला बंदी असते आणि ती मला पटते. दहा दिवस आर्य मौन पाळायचं आणि खोलीत जाऊन वहीशी गप्पा मारायच्या, तर ते मौन कसलं? पण दहा दिवसांचा नियम जन्मभराचा कधी झाला, एवढंच सांगा.

उलट्या बाजूचे लोकही काही कमी नाहीत. ‘लिहिलं की कसं हलकं वाटतं ना!’ भाचीने वाढदिवसाला कृतज्ञतेची डायरी दिली. रोज तीन रकाने भरायचे, आज कशाकशाबद्दल आभारी आहे ते. पाऊस, चहा, वेळेवर आलेली लोकल. थोड्याच दिवसांत लक्षात आलं की दुपारपासूनच मी रकान्यात काय घालायचं ते शोधत फिरतेय. ती डायरी आता वाण्याच्या हिशेबाला आहे. आणि हलकं वगैरे म्हणाल, तर या विषयावरचा अमेरिकेतला गाजलेला प्रयोग 1986 चा, जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांचा. कॉलेजच्या मुलांना लागोपाठ चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या क्लेशदायक प्रसंगांबद्दल लिहायला लावलं. ज्यांनी प्रसंग आणि त्याबद्दलच्या भावना दोन्ही लिहिलं, ती मुलं लिहून उठली तेव्हा जास्तच उदास होती. त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झालेल्या दिसल्या त्या पुढच्या काही महिन्यांत. मला हे वाचून बरं वाटलं. लिहून उठल्यावर माझंही तोंड कधी उजळलेलं नसतं.

आता खरं कारण.

अप्पा, माझे वडील, शेवटचे आजारी होते तेव्हा दवाखान्यात दिवसा भाऊ असायचा, रात्री मी. किडनीचं दुखणं, त्यामुळे पाणी किती गेलं, लघवी किती झाली याचा हिशेब. सिस्टर त्यांच्या फाइलमध्ये लिहायच्याच, पण मीही माझ्या वहीत लिहायचे. 11 वाजता पाणी 50 मिली. 2:10 ला पिशवीत 120. आणि त्याच पानावर, आकड्यांच्या खाली, माझं नेहमीचं: भीती वाटते, भावाचा राग येतो, उद्या रजेचं काय करायचं. एका पहाटे अप्पांनी डोळे उघडले आणि म्हणाले, “काय लिहितेस गं एवढं? इकडे बघ जरा.”

हे मला ठाऊक आहे ते वहीत आहे म्हणून. 3:40 ची नोंद, अवतरणचिन्हांत, त्यांच्या शब्दांत. पुढची ओळ 4 वाजताची: पाणी, 30 मिली. मधल्या वेळात मी वर बघितलं का, ते लिहिलेलं नाही. त्यानंतर अप्पा फारसं बोलले नाहीत.

ते पान मी कितीतरी वर्षं उघडलं नव्हतं. मग इगतपुरीला, अधिष्ठानाच्या तासाला (तासभर अजिबात न हलता बसायचं), उजव्या गुडघ्यात कळ असताना ते वाक्य आलं. आवाज नाही आला. पान आलं, माझ्या अक्षरातलं, निळ्या शाईचं. अप्पांचा चेहरा आठवून बघितला (असं करायचं नसतं, माहीत आहे), तर पुन्हा पानच. आणि त्याच वेळी मी मिटल्या डोळ्यांनी वाक्य जुळवत होते: ‘आज अप्पा आले, पण अक्षरात.’ वाक्य जमलं म्हणून बरंसुद्धा वाटलं. मग स्वतःची शिसारी आली. तास संपेपर्यंत रडत होते, पण हलले नाही. त्याचाही अभिमान वाटला, घ्या! दुपारी आचार्यांना विचारलं. ते म्हणाले, शब्द आले तर आले हे जाणा आणि संवेदनेकडे परत या. उत्तर बरोबर होतं. मला पुरलं नाही.

घरी येऊन वही बंद केली. काही महिने खरंच बंद होती. तेव्हाची मी ठणकावून सांगायचे की वही नसती तर मी अप्पांकडे बघितलं असतं. आज मी तिला विचारते, वही नसती तर तू त्या खोलीत थांबली तरी असतीस का? बघणं झेपत नव्हतं म्हणून तर लिहीत होतीस. आणि ते वाक्य आज कुठे असतं? भावाकडे अप्पांचं असं एकही वाक्य नाही. यावर ती म्हणते, त्याच्याकडे वाक्य नसेल, पण हात धरून बसल्याची आठवण आहे. इथे मी गप्प बसते.

पण त्याच महिन्यांत, एका मुंजीत, पंगतीला बसल्यावर मी सगळ्यांना सांगितलं की अप्पांनी हाक मारली आणि मी वही टाकून त्यांचा हात धरला. मावशीने डोळे पुसले. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा मलाच ते खरं वाटायला लागलं होतं. घरी येऊन पान उघडलं, तर हात धरल्याचं कुठेच नव्हतं. धरला असेलही. मला माहीत नाही. पण ‘माहीत नाही’ हे तरी वहीमुळे कळलं, आणि त्याच रात्री पुन्हा लिहायला बसले.

म्हणजे वही खरं बोलते असं म्हणू नका. बंगालमधल्या नोआखालीत गांधीजी आपल्या नातीची, मनूबेनची, रोजनिशी वाचून तीवर सही करत. तसा कुणी वाचणारा असता तर मी काय काय गाळलं असतं कोण जाणे! पण माझी वही तर कुणीच वाचत नाही, तरी तीत एका दिवसाखाली ‘सासूबाईंशी थोडं बोलणं झालं’ असं आहे. ते बोलणं खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं होतं.

आता सकाळी तासभर बसते, रात्री लिहिते. साधनेत काय झालं ते लिहीत नाही. कुणी हाक मारली तर आधी पेन खाली ठेवून वर बघते, याला पकड म्हणा की साधना. परवा नवऱ्याने अशीच हाक मारली. मी पेन ठेवून पूर्ण वळून त्याच्याकडे बघितलं. त्याला एवढंच विचारायचं होतं की गॅस बंद केलास का. केला नव्हता.