मु. पो. ४११ ०३०

हल्ली ऑनलाइन काहीही मागवायला बसले की नाव आणि पैसे यांच्याही आधी सहा आकडे विचारले जातात. पुस्तक असो, चप्पल असो की गुडघ्याला बांधायचा पट्टा असो, 'पिनकोड टाका' ही पहिली अट असते. आणि ती वस्तू आपल्याकडे येणार की नाही, आली तर किती दिवसांत येणार, दारात रोख पैसे देणे चालेल की नाही, हे सारे त्या सहा आकड्यांवरून ठरते. 'या पिनकोडवर सेवा उपलब्ध नाही' हे वाक्य वाचताना तर गावाने वाळीत टाकल्यासारखे वाटते. गंमत अशी की ज्या पोस्टासाठी हा आकडा जन्माला आला, त्या पोस्टाच्या पेटीत आपण शेवटचे पत्र कधी टाकले, हे फार थोड्यांना सांगता येईल. पन्नास पैशांचे पोस्टकार्ड अजूनही मिळते, त्यावर पिनसाठी सहा चौकोनही छापलेले असतात. पण आकडे भरले जातात ते मोबाइलच्या पडद्यावरच्या चौकोनांत.

या आकड्याला आपण आपल्या घराचा पत्ता समजतो. वास्तविक आपले घर त्याच्या गावीही नसते. तो ओळखतो फक्त पोस्ट ऑफिस, तेही टपालाचा बटवडा करणारे. देशात पोस्ट ऑफिसे दीड लाखाहून अधिक आहेत आणि पिनकोड मात्र सुमारे १९ हजार, म्हणजे एकेका आकड्याखाली अनेक पोस्टे आणि त्यांच्या पोटात कितीतरी वाड्या, वस्त्या, सोसायट्या नांदत असतात. एखाद्या सरकारी अर्जात पिनकोड भरला की खाली जी यादी उघडते, तिच्यात आपण जन्मात न ऐकलेली चार-पाच गावे शेजारी म्हणून बसलेली दिसतात, ती याचमुळे.

खेड्यात पत्रव्यवहार केलेल्यांना यात नवल वाटणार नाही. 'मु. पो. केळशी, ता. दापोली, जि. रत्नागिरी' असा पत्ता लिहिताना मुक्काम आणि पोस्ट यांचा जोडीने उल्लेख होत असे, आणि ज्या वाडीला स्वतःचे पोस्ट नसे तिथली माणसे 'मु.' पुढे एक गाव आणि 'पो.' पुढे दुसरे गाव लिहीत. पत्र जायचे ते त्या दुसऱ्या गावापर्यंत. तिथून पुढे ते पोस्टमनच्या सायकलवरून जाई, किंवा आठवड्याच्या बाजाराला आलेल्या कुणाच्या तरी पिशवीतून. पिनकोडने केले ते इतकेच, की 'पो.' पुढच्या नावाचा आकडा केला. 'मु.' होता तसाच आपल्या गळ्यात राहिला.

केळशीचे नाव वर मुद्दाम घेतले. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात सुरू झालेल्या या योजनेचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे मूळचे तिथले. केंद्रीय दळणवळण मंत्रालयात ते अतिरिक्त सचिव होते आणि पोस्ट व तार मंडळाचे ज्येष्ठ सदस्य. कारणे उघडच होती. अक्षर लागत नसे, लिपी ओळखीची नसे आणि एकाच नावाची गावे ठिकठिकाणी असत. आपल्याकडची पिंपळगावे आणि वडगावे मोजायला कुणी बसू नये हे बरे. शिवाय एक औरंगाबाद महाराष्ट्रात आणि एक बिहारात. मुंबईतल्या सॉर्टिंगच्या खणांसमोर उभ्या असलेल्या माणसाने बंगालीतला किंवा तमिळमधला पत्ता कसा वाचायचा? पिन आल्यावर बिहारातले औरंगाबाद ८२४ १०१ झाले आणि आपले ४३१ ००१. आपल्याकडच्या शहराचे नाव आता छत्रपती संभाजीनगर झाले आहे, आकडा तोच आहे.

वेलणकर संस्कृतचे कवी होते आणि त्यांच्या नावावर शंभराहून अधिक पुस्तके आहेत, ही माहिती हल्ली पुष्कळांना असते. मला त्यातली एकच गोष्ट फार आवडते. त्यांनी एक विलोमकाव्य रचले होते, म्हणजे सुलट वाचले तर रामाची स्तुती आणि उलट वाचले तर कृष्णाची. आता एखादे पाकीट हातात घेऊन पाहावे. आपण पत्ता लिहितो तो खोली क्रमांकापासून, मग इमारत, रस्ता, गाव, तालुका, जिल्हा, राज्य असे मोठे मोठे होत जातो. पिनकोड बरोबर याच्या उलट वाचला जातो. पहिला आकडा देशाचा एक मोठा तुकडा सांगतो, दुसऱ्याने त्यातला भाग कळतो, तिसऱ्याने टपाल वेगळे करण्याचा जिल्हा, आणि शेवटच्या तिघांनी नेमके पोस्ट. तीन आकड्यांनंतर थोडी जागा सोडून लिहायची पद्धत आहे ती यामुळेच. पत्त्याच्या खाली त्याचाच विलोम लिहून ठेवण्याची कल्पना या कवीला आपल्या छंदातून सुचली असेल असे म्हणायला माझ्याकडे काहीही पुरावा नाही, पण तसे मानायला मला आवडते.

नकाशा म्हणून पाहिले तर हा आकडा मोठा खट्याळ आहे. पहिल्या ४ मध्ये महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड असे चौघे आहेत. त्यातले ४० ते ४४ आपले, पण रायगडच्या ४०२ ला लागून ४०३ येतो तो गोव्याचा. पुदुच्चेरीची तर मौज आहे. प्रदेश एक, पण खुद्द पुदुच्चेरी शहर तमिळनाडूच्या रांगेत ६०५ वर, माहे केरळच्या रांगेत ६७३ वर आणि यानम आंध्रच्या रांगेत ५३३ वर. राज्यकारभाराने जे एकत्र बांधले, ते टपालाने आपल्या सोयीने सुटे केले. दमणचा ३९६ शेजारच्या गुजरातेतल्या वलसाडला जुळतो. आणि ९ या आकड्याला तर भूगोलच नाही, तो फौजेच्या टपालाचा. जवान कुठे आहे हे पत्त्यावरून कळू नये आणि पत्र मात्र त्याला मिळावे, अशी ती व्यवस्था आहे.

शहरातल्या माणसांनी मात्र या सहा आकड्यांतून आपल्यापुरते शेवटचे एक-दोनच उचलले. मुंबईत टपालाचे विभाग आधीपासून होतेच, त्यामुळे गिरगावचे 'मुंबई ४' निमूटपणे ४०० ००४ मध्ये जाऊन बसले. जुन्या लग्नपत्रिका आणि पुस्तकांचे पहिले पान पाहिले तर 'मुंबई ४', 'मुंबई २८', 'पुणे २' असे आकडे भेटतात, आणि तेवढ्यावरून माणसाचे अर्धे चरित्र कळायचे. गिरगावातल्या दोन खोल्यांतून एखादे कुटुंब बोरिवलीला गेले म्हणजे ते ४ वरून ९२ वर गेले. आणखी पुढे डोंबिवलीला गेले तर ४०० पासूनच सुटून ४२१ मध्ये दाखल झाले. ठाण्याला ४०० मिळाला, डोंबिवलीला नाही, हे टपाल खात्याने थैल्यांच्या सोयीने केलेले असणार. पण 'आमचा पिन मुंबईचाच लागतो' हे वाक्य ठाण्याच्या माणसाच्या तोंडून ऐकताना त्यातला थैल्यांचा संबंध पार विसरायला होतो. पुण्यात 'पुणे ३०' म्हटले की सदाशिव, नारायण, शनिवार या पेठा डोळ्यांपुढे येतात, आणि शहर चहूबाजूंनी कितीही वाढले तरी खरे पुणे तेवढेच, अशी एक विचारधारा त्या आकड्याच्या आश्रयाने सुखाने राहते. तिच्याशी वाद घालू नये. वेळ जातो.

आकड्यांचे काही मानकरीही आहेत. सर्वोच्च न्यायालयाला २०१३ पासून स्वतःचा ११० २०१ आहे. शबरीमलाच्या अय्यप्पास्वामींना ६८९ ७१३ आहे, तोही यात्रेच्या हंगामापुरताच जागा असतो. भक्त त्या पत्त्यावर लग्नाची आमंत्रणे पाठवतात, मनिऑर्डरीही करतात. पण माझे सर्वांत आवडते पोस्ट अंटार्क्टिकावरचे आहे. १९८४ मध्ये दक्षिण गंगोत्री या तळावर भारताचे पोस्ट उघडले ते गोव्याच्या टपाल विभागाला जोडून, म्हणजे बर्फातून लिहिलेले पत्र कागदोपत्री गोव्याचे. २०२४ मध्ये तिथल्या भारती केंद्रावर नवी शाखा सुरू झाली, ती महाराष्ट्र परिमंडळाखाली, आणि तिला प्रायोगिक पिन मिळाला तो 'एमएच-१७१८'. गाडीच्या नंबरप्लेटवर शोभेल असा हा आकडा दक्षिण ध्रुवाकडच्या एका पोस्टाचा आहे, याचे मराठी माणसाने जितके कौतुक करायला हवे होते तितके झालेले नाही.

इतका सगळा कारभार करून पिनकोड ज्या ठिकाणी हात टेकतो, त्या ठिकाणापासून आपल्या दारापर्यंतचे अंतर मात्र अजून जुन्याच पद्धतीने कापले जाते. त्यासाठी अर्जात 'जवळची खूण' असा एक रकाना असतो. त्यात आपण लिहितो 'जुन्या टॉकीजसमोरची गल्ली', आणि टॉकीज पाडून तिथे मॉल उभा राहिलेला असतो. 'पिठाच्या गिरणीच्या वर' लिहितो, आणि गिरणी बंद होऊन तिथे मोबाइल दुरुस्तीचे दुकान आलेले असते. गल्लीतल्या सगळ्यांना या खुणा कळतात. कळत नाहीत त्या नेमक्या पार्सल घेऊन आलेल्या मुलाला, कारण तो कालपर्यंत दुसऱ्या भागात काम करत असतो. मग फोन वाजतो. "काका, मी मंदिरापाशी आलोय, आता कुठे?" "कुठल्या मंदिरापाशी? मारुतीच्या की दत्ताच्या?" पलीकडे थोडी शांतता, मग "शेंदूर आहे, काका". यावर "मग सरळ ये, डाव्या हाताला इस्त्रीवाला दिसेल" असे सांगत आपण बाल्कनीत जाऊन हात हलवू लागतो. जुन्या पोस्टमनला यातले काही लागत नसे. पाकिटावर नुसते 'जोशी' असले तरी कोणत्या जोशांचा मुलगा परगावी असतो आणि कोणाला पत्र येणे शक्य आहे, हे तो जाणून असे. त्याच्या त्या माहितीला टपाल खात्याने कधी वेगळे नाव दिले नाही, आणि पिनकोडने तर ती गृहीतच धरली होती.

ही उणीव भरून काढण्यासाठी टपाल खात्याने मे २०२५ मध्ये 'डिजिपिन' आणला. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र यांच्या साहाय्याने साऱ्या देशावर चौकोनांची जाळी टाकली आहे, आणि साधारण चार मीटर लांब व चार मीटर रुंद अशा प्रत्येक चौकोनाला आकडे आणि अक्षरे मिळून दहा चिन्हांचा स्वतःचा पत्ता आहे. शेतातली विहीर, डोंगरातला पाडा, नाव नसलेली गल्ली यांना पहिल्यांदाच नेमका पत्ता मिळाला, आणि रुग्णवाहिकेच्या दृष्टीने ही मोठीच गोष्ट आहे. शहरातल्या सदनिकेत मात्र हिशेब जरा वेगळा होतो. आमच्या हॉलचा डिजिपिन एक आणि स्वयंपाकघराचा दुसरा निघू शकतो, तेव्हा मिक्सरचे भांडे कोणत्या पत्त्यावर मागवायचे याचा विचार करावा लागेल. उलट अक्षांश-रेखांशाला मजले कळत नसल्यामुळे तळमजल्यावरचे कुलकर्णी, आम्ही आणि गच्चीवरची पाण्याची टाकी एकाच चौकोनात येतो. म्हणजे दहा चिन्हे अचूक लिहिल्यावरही पुढे 'तिसरा मजला, लिफ्टमधून बाहेर आल्यावर डावीकडे, बेल बंद आहे, कडी वाजवावी' हे लिहावेच लागणार.