मोटर बंद, आरपीएम सहा हजार

सोमवार

उद्यमनगरातल्या मामांच्या जुन्या लेथला व्हीएफडी (मोटरचा वेग कमीजास्त करणारा ड्राइव्ह) बसल्यापासून हेडस्टॉकवरचा स्पीडचा पत्रा नुसता शोभेला उरलाय. पूर्वी पट्टा कुठल्या पुलीवर आहे त्यावरून फेरे कळायचे. आता नॉब फिरवायचा आणि हर्ट्झ बघायचे. पण ते हर्ट्झ मोटरला दिलेले, चकाचे (कापायचा बार धरून फिरणाऱ्या पकडीचे) फेरे नव्हेत. चार पोलची मोटर ५० हर्ट्झला हिशेबाने १५०० फिरायला हवी, तिच्या पाटीवर १४४० लिहिलंय, आणि पुढे पट्टा घसरतो तो वेगळाच. मामांचं म्हणणं सरळ आहे : "चकाचा खरा आकडा डोळ्यांसमोर पायजे." म्हणून टॅकोमीटर, म्हणजे मिनिटाचे फेरे (आरपीएम) मोजून दाखवणारं यंत्र, बनवायला घेतलं.

हॉल सेन्सर (चुंबक जवळ आलं की ओळखणारा) आणि लोहचुंबक हा सोपा रस्ता होता. तेलाची, धुळीची फिकीर नाही. पण लेथवर लोहचुंबक लावलं की लोखंडाचा चुरा त्यालाच चिकटत बसणार. खाचेची चकती लावावी तर स्पिंडलच्या (चक फिरवणाऱ्या पोकळ दांड्याच्या) मागच्या तोंडातून लांब बार आत घालावे लागतात, ती जागा अडवून चालत नाही. राहिला परावर्तनाचा मार्ग : मागच्या कॉलरवर एक खूण, समोर सेन्सर, दर फेऱ्याला एक पल्स (विजेचा ठोका).

मंगळवार

टीसीआरटी ५००० हा परावर्तनाचा सेन्सर घेतला. निळसर डोळा इन्फ्रारेड एलईडीचा, काळा डोळा फोटोट्रान्झिस्टरचा (प्रकाश पडला की वीज वाहू देणाऱ्याचा). एलईडीला ५ व्होल्टवरून २२० ओहम, म्हणजे साधारण १७ मिलिअँपिअर. हा सेन्सर सर्वांत चांगला बघतो तो जेमतेम अडीच मिलिमीटरवरून. लेथच्या मानाने हे अंतर अगदीच नाजूक, पण कॉलर मागच्या बाजूला आणि कव्हरच्या आत आहे म्हणून जमेल.

फोटोट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला १० किलोओहम. इथे मोह होतो तो रेझिस्टर वाढवण्याचा, कारण सिग्नल मोठा दिसतो. पण जेवढा रेझिस्टर मोठा तेवढा ट्रान्झिस्टर सुस्त, आणि आजूबाजूच्या उजेडानेही तो लगेच भारावतो. १० किलोवर थांबलो.

एलईडी पेटला की नाही हे डोळ्याला कळत नाही. मोबाइलचा सेल्फी कॅमेरा लावला, जांभळट ठिपका दिसला, पुढे गेलो.

बुधवार

आजचा दिवस काळ्या रंगाने खाल्ला. स्टीलची कॉलर चमकते, म्हणून ती काळी करून त्यावर एक पांढरा पट्टा ठेवायचा. पर्मनंट मार्करने गडद काळी केली. डोळ्याला कुठे फट नाही, आणि मीटरवर मार्कर लावण्याआधीच्या आणि नंतरच्या व्होल्टेजमध्ये नाव घ्यावं असा फरक नाही! बऱ्याच मार्करच्या शाईतला काळा रंग इन्फ्रारेडला अडवतच नाही. तो सरळ खालच्या स्टीलपर्यंत जाऊन परत येतो. कार्बन असलेला काळा मात्र गिळतो. शेवटी लेझर प्रिंटरवर एक पट्टी पूर्ण काळी छापून आणली, मधे बोटभर कोरा कागद सोडून. टोनरमध्ये कार्बन असतो. कॉलरभोवती चिकटवली, वरून पारदर्शक टेप. आता काळ्यावर ४.६ व्होल्ट, पांढऱ्यावर ०.४. असा फरक मिळाला की पुढची अर्धी कटकट मिटते.

गुरुवार

पाटी लागली, डिस्प्ले लागला, मामा कौतुकाने उभे राहिले. मोटर बंद. त्यांनी जॉब नीट दिसावा म्हणून लेथचा दिवा लावला आणि आकडा आला ६०००.

"आरं, मोटर बंद हाय की! मग हे सहा हजार कुठनं पळाय लागलंय?"

दिवा जुना, तारेच्या बल्बचा. अशा बल्बचा बहुतेक प्रकाश इन्फ्रारेडच असतो, आणि ५० हर्ट्झच्या विजेवर तो सेकंदाला १०० वेळा किंचित कमीजास्त होतो. खूण एकच, म्हणून १०० गुणिले ६०, सहा हजार. मामांनी दिवा बंद केला, आकडा शून्य. परत लावला, सहा हजार. हा खेळ त्यांनी शेजारच्या शेडमधल्या दोघांना बोलावूनही दाखवला.

बल्बचा चढउतार तसा लहान असतो. पण चक नेमका काळ्यापांढऱ्याच्या सीमेवर थांबलेला, त्यामुळे सिग्नल उंबऱ्यावर (ज्या व्होल्टेजला पल्स धरली जाते तिथे) रेंगाळत होता, आणि माझ्याकडच्या तयार मॉड्यूलवरचा कम्पॅरेटर (सिग्नल उंबऱ्याच्या वर की खाली ते सांगणारी चिप) उंबऱ्याशी एवढीशी हालचाल झाली तरी उड्या मारतो. म्हणून एलएम ३९३ हा कम्पॅरेटर स्वतंत्र लावला. दोन १० किलोंनी उंबरा अडीच व्होल्टवर, आणि आउटपुटपासून प्लस इनपुटला १०० किलोओहम. त्याने चढताना उंबरा वेगळा, उतरताना वेगळा; मधे जवळपास पाव व्होल्टचं अंतर. त्या पावाच्या आत दिव्याने कितीही चुळबुळ केली तरी आउटपुट ढिम्म. वर सेन्सरला काळ्या रबरी नळीचं टोपण.

शनिवार

आकडा बरोबर आहे हे कशावरून? दुसरा टॅकोमीटर जवळ नाही. मग गुरुवारचं भूतच कामाला लावलं. तो १०० किलोचा रेझिस्टर तात्पुरता काढला, उंबरा जुळवला आणि सेन्सर बल्बकडे वळवून ठेवला. आपल्या ग्रिडची फ्रिक्वेन्सी ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झमध्ये राहावी असा नियम आहे, म्हणजे डिस्प्लेवर ५९८८ ते ६००६ दिसलं पाहिजे. दिसलं. ज्यावर हे सगळं मोजतो त्या युनो बोर्डवरच्या एटीमेगा चिपला घड्याळासाठी क्रिस्टल नसून सिरॅमिक रेझोनेटर असतो, त्यात अर्ध्या टक्क्याची चूक असू शकते, म्हणून ही शंका काढून टाकणं गरजेचं होतं. वीज मंडळाने फुकटात दिलेला मानदंड, कोण सोडतो!

सेकंदभर पल्स मोजण्याच्या फंदात पडलो नाही. एका खुणेवर तसं केलं की आकडा साठ-साठच्या टप्प्याने उडतो. त्यापेक्षा दोन पल्समधला वेळ मोजायचा. इथे एक बारकी गोम आहे. एटीमेगाच्या १६ बिटच्या टायमरला ८ ने भागून घड्याळ दिलं तर तो ३२.७ मिलिसेकंदांत भरून वाहतो, म्हणजे १८३१ आरपीएमच्या खाली सगळं चुकीचं. मामांची सगळी कामं त्याच्या खालीच. ६४ ने भागलं की २६२ मिलिसेकंद मिळतात, आणि त्याहून सावकाश फिरलं तर ओव्हरफ्लो मोजायचे.

मोटर सुरू करताच आकडा भलतीकडेच. हा व्हीएफडीचा प्रसाद : मोटरच्या केबलमधले झटके सेन्सरच्या तारेत उतरतात. शील्डेड वायर, शील्ड एकाच टोकाला अर्थ, मोटरच्या केबलपासून लांबून नेलेली, आणि प्रोग्रॅममध्ये २० मिलिसेकंदांच्या आत आलेली पल्स सरळ टाकून द्यायची. हा लेथ ३००० च्या पुढे कधीच जात नाही, तेव्हा त्यात गमावण्यासारखं काही नाही.

रविवार

४० मिलिमीटरचा माइल्ड स्टीलचा बार, एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूल, कापण्याचा वेग मिनिटाला ३० मीटर धरला तर हिशेबाने २३९ आरपीएम. मी गणित करेपर्यंत मामांनी नॉब कानाने जुळवला होता. डिस्प्ले म्हणत होता २४४. खोल कट घेतला तसा २३६ वर उतरला. हे उतरणं मामांना आवडलं, कारण पट्टा सैल झालाय का ते आता कट घेताना समोरच दिसणार.

एक तक्रार आहे. शेवटचा आकडा सारखा नाचतो. आठ फेऱ्यांची सरासरी घेतली तरी एखाद्याने हलतो, आणि तो खोटाही नाही, स्पिंडल खरोखरच तेवढा डुलतो. मामा म्हणाले, "तो शेवटचा झाक. बघितला की हात नॉबकडं जातोय." आता डिस्प्ले पाचाच्या पटीत दाखवतो.